दंगल बघून आलेली माणसं

आमच्या भागात सिनेमा बघताना रडणं हे बायकांचं काम होतं. जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा मध्ये दोरी बांधलेली असायची. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बायका. पडद्यावर सासूनं सुनेला छळलं की दोरीच्या त्या बाजूनं हुंदके यायचे आणि या बाजूची पोरं शिट्ट्या मारायची. पुढं १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. अलका कुबलचं दुःख बघायला बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या आणि पदर ओले करून परत आल्या. गावातले बाप्ये त्यांना विचारायचे, “किती लिटर झालं?” बाप्यांनी करायच्या गोष्टी वेगळ्या होत्या. हाणामारी आली की ओरडायचं, गाणं लागलं की चिल्लर उधळायची आणि करुण प्रसंग आला की बिडी ओढायला बाहेर जायचं.

खेळाच्या सिनेमानंही ही रीत मोडली नव्हती. २००१ साली ‘लगान’ आला तेव्हा थेटरात मैदानासारखा दंगा झाला. शेवटच्या चेंडूला माणसं खुर्चीवर उभी राहिली. पण तो जिंकल्याचा आनंद होता, डोळ्याला पाणी कुणाच्या आलं नाही. ते आलं पंधरा वर्षांनी, ‘दंगल’ बघताना. तेही कुणाच्या, तर ज्यांचे कान कुस्ती खेळून खेळून चुरगळलेत, अशा माणसांच्या. त्या हिवाळ्यात आमच्याकडं काय झालं आणि पुढं त्याचं काय झालं, हे कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

सिनेमा लागला तो दिवस २३ डिसेंबर २०१६. महिना-दीड महिन्यापूर्वी पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या होत्या. ऊसतोड चालू, पण मजुराला द्यायला सुट्टे पैसे नाहीत. सोसायटीपुढं रांगा. अशात तिकिटाला पैसे घालून कोण जाणार? त्यातून विषय कुस्तीचा. आमचं गाव वारणेच्या काठचं. इथं पोरगं चालायला लागलं की त्याला तालमीच्या हौद्यात सोडायची पद्धत. हौद्याच्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडतं आणि ती माती कपाळाला लावल्याशिवाय कुणी शड्डू ठोकत नाही. या माणसांना हिंदी सिनेमातली कुस्ती म्हणजे नाचातली कुस्ती वाटायची. आमच्या तालमीचे वस्ताद त्या वेळी सत्तरीच्या घरात होते. ते म्हणाले, “त्यो आमीर खान काय पट काढणार? आन पोरींची कुस्ती? बघू की, तेवढीच करमणूक.”

म्हणजे मंडळी गेली ती चुका काढायला. वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बाराजण तालुक्याला गेले. मी शाळामास्तर, माझी कुस्ती चौथीत असतानाच सुटलेली, पण घरात थोरला चुलता आणि दोन चुलतभाऊ पैलवान, म्हणून मलाही ओढून नेलं.

आत गेल्यावर आधी राष्ट्रगीत झालं. सुप्रीम कोर्टाचा तसा हुकूम नोव्हेंबरअखेरीस आला होता, त्यामुळं सगळे उभे राहिले, बसले. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच वस्तादांची मान पुढं आली. पकड खरी होती. पाय टाकायची जागा खरी होती. या नट-नट्यांना शिकवायला कृपाशंकर बिष्णोई हा अर्जुन पुरस्कार मिळालेला पैलवान होता, हे नंतर कळलं. पण जाणत्या माणसाला पडद्यावरचा खांदा बघूनच कळतं की यांना कुणीतरी खऱ्यानं घासलंय. चुका काढायचा बेत तिथंच बारगळला.

मग हसू सुरू झालं. हरियाणातलं बलाली गाव, तिथला महावीर फोगट नावाचा पैलवान. त्याला देशासाठी सुवर्णपदक आणायचं होतं, ते जमलं नाही. मुलगा होईल आणि तो आणेल म्हणून वाट बघतो, तर ओळीनं मुलीच होतात. मुलगा व्हावा म्हणून गावातला प्रत्येक माणूस एकेक तोडगा सांगतो. हे बघून थेटर गडगडून हसलं, कारण असले तोडगे आमच्याकडंही ढीगभर आहेत. मुलींना बापाच्या मर्जीनं हाफ चड्डी घालून पळावं लागतं, त्यांचे केस कापले जातात, तेव्हाही हसू चाललेलंच होतं.

ते थांबलं एका लग्नाच्या प्रसंगाला. गीता-बबिताच्या मैत्रिणीचं लग्न असतं. नवरी चौदा वर्षांची. या दोघी बापाच्या जाचाला कंटाळून तिच्याजवळ कुरकुर करतात, आणि ती नवरी नटूनथटून बसलेली, खाली बघून सांगते की तुमचा बाप निदान तुम्हाला आपलं लेकरू तरी समजतो. तिला कुणी विचारलंच नव्हतं. वय झालं की चूल, मूल आणि परक्याच्या घरी रवानगी.

त्या वाक्यानंतर थेटरात कुणी शिट्टी मारली नाही. माझ्या शेजारी थोरला चुलता बसला होता. त्याला आम्ही आबा म्हणतो. आबाला तीन लेकी. तिघींचीही लग्नं अठराच्या आत उरकलेली. सगळ्यात धाकटी शाळेत हुशार होती. तिचा नववीचा निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात तिला हळद लागली. आबानं पुढं सिनेमाभर पाठ टेकली नाही. गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला.

पुढं दमलेल्या मुली झोपल्यावर बाप त्यांचे पाय चेपतो. आमच्याकडं पोराचं अंग बाप रगडतो, वस्ताद रगडतो, त्यात नवल काही नाही. पण बापानं लेकीच्या पायाला हात लावलेला मी तरी आमच्या गावात पाहिलेला नव्हता. आणि शेवटी २०१० सालच्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली ती अंतिम कुस्ती. बापाला कपटानं एका खोलीत कोंडलेलं. बाहेर काय चाललंय ते दिसत नाही. आणि बंद दाराआडून त्याला राष्ट्रगीताची धून ऐकू येते. म्हणजे लेक जिंकली. हे त्याला कुणी येऊन सांगत नाही, त्याचं त्यालाच कळतं.

थेटर पुन्हा उभं राहिलं. पहिल्यांदा हुकूम होता म्हणून उभे राहिले होते, आता कुणी सांगितलं नव्हतं. अंधारात शेजारच्याचं तोंड दिसत नाही याचा सगळ्यांना आधार होता. शेवटी बाप लेकीला फक्त ‘शाबास’ म्हणतो आणि सिनेमा संपतो. दिवे लागले तेव्हा वस्ताद डोक्याचा पटका सोडून परत बांधत होते. पटक्याच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले हे आम्ही बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

परतीच्या जीपमध्ये कुणी बोलेना. अर्ध्या वाटेवर आबा एवढंच म्हणाला, “धाकटीला फोन लाव.” फोन लावून दिला तर त्याला बोलता येईना. “जेवलीस का?” म्हणाला आणि ठेवला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्या पोरीनं घाबरून मला उलटा फोन केला, “आबाला काय झालंय?”

हे सगळं इतकं अनपेक्षित का होतं, ते समजायला आमच्या कुस्तीचा थोडा मागचा हिशेब बघावा लागतो. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, ते १९१२ पासून चालू आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून दिली जाते. एवढ्या मोठ्या इतिहासात बाईला जागा म्हणावी तर पैलवानाची आई, जिनं म्हशीचं दूध पोराला पाजलं आणि लेकीला ताक दिलं. पुष्कळ तालमींत बाईनं पाऊल टाकायचं नाही, मारुतीचं ठाणं आहे, असा नेम.

तसं बघितलं तर बाईची कुस्ती या भागाला अगदीच अनोळखी नव्हती. अलीगढची हमीदा बानू १९५४ साली देशभर गाजली. बडोद्यात तिनं बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. ती कोल्हापूरलाही आली होती. पण बाईनं पुरुष मल्लाशी लढायचं हे इथल्या लोकांना रुचलं नाही, विरोध झाला. आमचे वस्ताद त्या वेळी लहान होते. त्यांच्या वडलांच्या तोंडून त्यांनी एवढंच ऐकलेलं, की कोण एक बाई आली होती म्हणे कुस्ती धरायला. नावसुद्धा घरात कुणी नीट सांगितलं नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कुस्तीला जागा मिळाली २००४ साली. साक्षी मलिकनं रिओत कांस्यपदक घेतलं ते ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे ‘दंगल’च्या चार महिने आधी. तेव्हा आमच्या पारावर पेढे वाटले गेले, पण त्या पेढ्यांत ‘आपल्याही घरात पोरगी आहे’ हा विचार नव्हता. तो विचार सिनेमानं आणला.

पुढचे पंधरा दिवस पारावर दुसरा विषय नव्हता. पेपर वाचणाऱ्या पोरांनी सांगितलं की सिनेमात बराच मसाला आहे. खरी गीता फोगट त्या अंतिम कुस्तीत शेवटच्या क्षणी वगैरे जिंकली नव्हती, तिनं ती कुस्ती एकतर्फी मारली होती. बापाला कोंडलं ते सगळं रचलेलं. खऱ्या प्रशिक्षकांनी तर आपल्याला खलनायक केलं म्हणून नाराजी बोलून दाखवली. वस्ताद म्हणाले, “मग आपल्या मैदानात समालोचन करणारा खरं बोलतोय व्हय? पाच मिनिटांच्या कुस्तीला त्यो पंधरा मिन्टं करतोय.” आणि विषय मिटला.

मिटला नाही तो आमच्या काकूंचा प्रश्न. काकू म्हणजे आबाची बायको. पुढच्या आठवड्यात गावातल्या बायका ट्रॅक्समधून सिनेमाला गेल्या, त्यांत तीही गेली. येऊन चुलीपुढं बसली आणि म्हणाली, “बाप्यांनी रडून घेतलं बाई. पर त्या पोरींना कुणी इचारलं का, की तुमास्नी कुस्ती खेळायचीय का? आधी लग्न करतानाबी इचारत न्हाईत, आता कुस्ती खेळतानाबी इचारत न्हाईत.” शहरातल्या जाणत्या लोकांनीही तेव्हा हाच आक्षेप घेतला होता, की बापाचं अपुरं स्वप्न मुलींच्या माथी मारलं. काकूनं तो पेपर वाचलेला नव्हता. तिनं तो स्वतःच्या आयुष्यातून काढला होता. पण तिच्याच शेजारी बसलेली माझी आई म्हणाली, “न्हाई इचारलं, खरं हाय. पर एका पोरीला उंबऱ्याच्या आत ढकललं आन एकीला भाईर. ह्यात फरक हाय का न्हाई?” मला वाटतं, या दोघींच्या मधोमध त्या सिनेमाचं खरं मोल पडून आहे. काकूचं म्हणणं खोटं नाही आणि आईचंही खोटं नाही.

हा सिनेमा फक्त आपल्यालाच लागला असंही नाही. मे २०१७ मध्ये तो चीनमध्ये लागला. तिकडं त्याचं नाव होतं ‘बाबा, कुस्ती खेळूया’ अशा अर्थाचं. भारतात जेवढा गल्ला झाला त्याहून जास्त चीनमध्ये झाला. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी आपल्या पंतप्रधानांना, मी हा सिनेमा बघितला, आवडला, असं सांगितल्याची बातमी आली. चीनमध्येही मुलग्याचा हव्यास जुना. बापानं लेकराला पोटाशी धरून चांगलं म्हणायचं नाही, ही रीत तिथंही आहे. त्यामुळं शेवटचं ‘शाबास’ कोणत्या भाषेतलं आहे याला महत्त्व उरलं नसावं.

आता जे लिहायचंय ते लिहिताना हात जड होतो. डिसेंबरच्या अखेरीस आमच्या जिल्ह्यातली थेटरं लेकींसाठी रडली. त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, मार्च २०१७ च्या पहिल्या आठवड्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पोलिसांनी ओढ्याकाठची जमीन उकरली आणि पुरलेले १९ भ्रूण बाहेर काढले. गर्भपात करताना एक बाई दगावली होती, त्या तपासातून हे उघड झालं. म्हैसाळ आम्हाला लांब नाही.

हरियाणाला हसायचं कारण आम्हाला नव्हतंच. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे हरियाणात ८१९ मुली होत्या. त्याच वेळी सांगली जिल्ह्यात ८५१ आणि कोल्हापूर जिल्ह्यात ८३९. ऊस, दूध, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, सगळं असलेले हे दोन जिल्हे. पडद्यावर मुलग्यासाठी तोडगे सांगणाऱ्या माणसांना बघून आम्ही गडगडून हसलो, तेव्हा तोडगा न चाललेल्या घरांनी काय केलं असेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हैसाळची बातमी आली त्या दिवशी पारावर कुणी बसलं नाही. संध्याकाळी वस्तादांनी तालमीत मारुतीपुढं दिवा लावला आणि पोरांना जोर-बैठका मारायला न सांगता खाली बसवलं. म्हणाले, “थेटरात रडायला तिकिटाचं पैसं पडत्यात, बाकी काय पडत न्हाई. घरात पोरगी जलमली तर पेढं वाटणार का, त्ये सांगा.” पोरं खाली बघत राहिली.

जूनमध्ये त्यांनी स्वतःच्या नातीला तालमीत आणलं. दहा वर्षांची पोर. गावात कुजबुज झाली. मारुतीचं कारण पुढं आलं. वस्ताद म्हणाले, “मारुतीला आई नव्हती का?” मारुतीचा प्रश्न एका वाक्यात सुटला. बाकीचे तसे सुटले नाहीत. पोरींनी कपडे कुठं बदलायचे? तालमीला संडास नव्हता. पोरं उघड्यावर जायची, पोरींनी काय करायचं? जोडीला कोण? पोरींत एकटी, म्हणून पोरांबरोबर धरायची, तर पोरांच्या आयांची तक्रार, पोराला पोरीनं पाडलं तर चेष्टा होते. मातीवर शिकवलं तर स्पर्धा गादीवर, आणि गादी घ्यायला लाखांत पैसे. खुराकाला दूध, बदाम, तूप. ज्या घरात पोराचा खुराक कर्ज काढून चालतो, त्या घरात पोरीचा खुराक कुठून येणार? सिनेमात यातलं कोंबडीच्या मटणापुरतं आलंय. घरात रोज ते कसं भागवायचं, हे थेटरात कुणी दाखवत नाही.

तरी वर्षभरात चार पोरी झाल्या. दोन वर्षांत सात. एक विहिरीवरच्या शेडमध्ये कपडे बदलायची खोली झाली. तिला पत्रा आबानं दिला. आबा एरवी गणपतीची वर्गणी देताना तीनदा मोजतो. त्यानं पत्रा दिला आणि कुणाला सांगू नका म्हणाला.

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पुरुषांची गदा सुरू झाल्यापासून बासष्ट वर्षांनी. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा खांद्यावर घेतली. आमच्या गावचे पंचवीस-तीस लोक बघायला गेले होते. तिथं पडदा नव्हता, अंधारही नव्हता, आणि काही बाप्ये उघड्या उजेडात डोळे पुसत होते. चेष्टा कुणी केली नाही.

पण त्याच वर्षी दिल्लीत जंतरमंतरवर महिला पैलवान छळाच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर बसल्या. त्यांत साक्षी मलिक होती, विनेश फोगट होती. विनेश म्हणजे त्याच महावीर फोगटांची पुतणी, त्यांच्याच हाताखाली वाढलेली. डिसेंबरात साक्षीनं पत्रकारांपुढं टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. ज्या माणसांनी पडद्यावरच्या गीतासाठी रुमाल भिजवले होते, त्यांच्यातले निम्मे या वेळी म्हणाले, “ह्ये राजकारण हाय, आपल्याला काय कळतंय?” आमच्या तालमीत येणाऱ्या पोरींपैकी दोघींच्या बापांनी त्या वर्षी पोरी घरी बसवल्या. “आपल्या पोरीचं असं काय झालं तर कुणाकडं जायाचं?” हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला वस्तादांकडंही उत्तर नव्हतं. पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी विनेशचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. त्या रात्री मात्र आमच्या घरात आबा जेवला नाही.

थेटरातलं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मी त्या अंधारात बसलो होतो. ज्या माणसांना लेकीशी दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती, त्यांना त्या तीन तासांनी काहीतरी बोलायला लावलं, निदान “जेवलीस का” एवढं तरी. आबाचा त्याच्या धाकट्या लेकीला आता दर रविवारी फोन असतो. पण एका खोलीचा पत्रा, एक संडास, एक गादी आणि तक्रार ऐकून घेणारं एक माणूस, हे रडून मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी उठून जावं लागतं आणि मिळेपर्यंत परत परत जावं लागतं. आमच्या गावात ते वस्तादांनी केलं, म्हणून आज संध्याकाळी हौद्यावर नऊ पोरी दिसतात. घरी बसवलेल्या दोघींपैकी एक परत आली आहे. गादी अजून आलेली नाही.

‘दंगल’ अधूनमधून टीव्हीला लागतो. मागच्या दिवाळीत लागला तेव्हा तालमीतल्या तीन-चार पोरी आमच्या सोप्यात बघत बसल्या होत्या. पाय चेपायचा प्रसंग आला आणि आबानं सवयीनं उपरणं डोळ्याला लावलं. वस्तादांची नात आता सतराची आहे. तिनं आबाकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, “आबा, ह्यात रडायचं काय हाय? माझं बी पाय दुखत्यात की रोज.” आणि पुढच्या कुस्तीत गीतानं पट काढताना डोकं कुठल्या अंगाला ठेवायला पाहिजे होतं, यावर पोरींचं भांडण सुरू झालं.